तैयबाच्या घरचा माणूस

कित्येक वर्षं आगबोटीवर खलाशाची नोकरी करून यूनुस १९३१च्या माघात मुरुडच्या बंदराला उतरला आणि खाडीकाठच्या आपल्याच गावात परका झाला. पोरं त्याला ओळखत नव्हती. मशिदीसमोरच्या ओट्यावर गप्पा रंगत, पण त्या त्याला ठाऊक नसलेल्या लग्नांच्या आणि भांडणांच्या. शेवटी कंटाळून तो आईला, तैयबाला म्हणाला, "मुंबईत दुसरी बोट लागलीय. जाईन म्हणतो."

तैयबानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

पौर्णिमेच्या उधाणानं खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटून खांड पडली. ओहोटी लागताच ढोल वाजला. खारं पाणी आत आलं की शेतं नासतात आणि गोड्या विहिरीही जातात. म्हणून घर मुसलमानाचं असो की कोळ्याचं, घरटी एक माणूस बांधावर हवाच, ही गावाची जुनी रीत. यूनुसही पाटी घेऊन धावला.

म्हातारे येसाजी पाटील एकेक घर पुकारत होते.

"तैयबाचं घर?"

यूनुस तोंड उघडणार तोच खालून खणखणीत आवाज आला, "हाय!"

शेजारची नीराबाई कोळीण पदर खोचून गुडघाभर चिखलात उभी होती.

"काकी, ते तर माझं घर!"

तिनं वर बघितलं आणि हसतच सुटली. "अरे द्येवा! जिभेला सवयच पडली रं. तू गेलास तवापासून माझ्या घरच्या हाकेला माझा पोरगा हरेश्वर आन् तुझ्या घरच्या हाकेला मी."

"आई कधी बोलली नाही."

"बोलायचं काय त्यात? तुझ्या घराची हाक रिकामी जाऊ द्यायची व्हती काय?"

यूनुस चिखलात उतरला. "आता वर जा, काकी. मी आहे."

"व्हय, पण ढेकळं द्यायला कुणी नको? धर!"

चिखलाची ढेकळं हातोहात खांडीत पडू लागली. येसाजी ओरडत होते, लोक त्यांची नक्कल करत होते, आणि यूनुस सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. भरती परतली तेव्हा पाणी बांधाला धडकलं आणि बाहेरच राहिलं.

तैयबा भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली.

यूनुस तिला म्हणाला, "अम्मा, गावातल्या हमीदच्या मासेमारीच्या मचव्यावर माणूस हवाय म्हणतात. इथंच राहीन."

तैयबाचा चेहरा उजळला. पण म्हणाली एवढंच, "आधी हात धू. आणि पहिली भाकरी नीराला दे."