उपाशी इंजिन

महिपतीची पिकअप तिसऱ्यांदा गॅरेजसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा ईश्वरप्पांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. बाकावर डोळे मिटून बसल्या बसल्या ते तिचं ऐकत राहिले. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन असं की अक्कलकोट रोडचं डांबर लांबून पाण्यासारखं हलत होतं. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्याला सुट्टी होती, मागांची खडखड नव्हती, आणि त्या अनोळखी शांततेत गाडीचं इंजिन एखाद्या म्हाताऱ्यानं झोपेत बोलावं तसं काहीबाही पुटपुटत होतं.

ईश्वरप्पांचं मूळ गाव दुधनी. पण चाळीस वर्षं सोलापुरात ते गाड्या दुरुस्त करत आले, आणि तेही कानानं. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मग त्यांना आत एक गाव दिसायचं. कुठं जातं फिरतंय, कुठं रहाट करकरतोय, कुठल्या घरी कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं कळायचं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. हसली असती.

गेल्या हिवाळ्यात मात्र ते गाव लांब लांब जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, उजवा कान निम्मा गेलाय. तेव्हापासून ईश्वरप्पांच्या मनात पाल चुकचुकत होती. आपल्याला ऐकू येतंय, की चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेलंच आठवतंय?

महिपतीची गाडी म्हणजे त्याचा पुरावाच होता. पोरगा मंगळवेढ्याकडचा, घरची मेंढरं, बाजाराला न्यायला ही गाडी घेतलेली. चढाला गचके देते, म्हणून पहिल्यांदा आला. ईश्वरप्पांच्या कानानं सांगितलं, इंजिन उपाशी आहे, डिझेल पोचत नाही. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला, गाडी वाऱ्यासारखी गेली आणि आठव्या दिवशी परत आली. दुसऱ्या खेपेला कान तेच म्हणाला. पुन्हा फिल्टर बदलला, आणि स्वतःवर भरवसा उरला नाही म्हणून नोझलही तपासायला पाठवली. ती ठणठणीत निघाली. मधल्या काळात महिपती कॉम्प्युटर लावणाऱ्या गॅरेजात जाऊन आला होता, तिथंही काही सापडलं नाही. हे त्यानं मान खाली घालून सांगितलं. ईश्वरप्पांना राग आला नाही. त्याच्या जागी तेही गेले असते.

आज बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. या खेपेलाही कान खोटा ठरला तर शटर ओढायचं ते कायमचं. लोकांच्या गाड्यांवर आपल्या आठवणी तपासत बसायचं वय राहिलं नाही.

महिपतीबरोबर त्याची आई चिमाबाई उतरली. मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झाले होते, डोळे दाखवायला आली होती. डोळ्यांवर हिरवा चष्मा, डोईवर पदर. बाकाच्या टोकाला टेकली.

"परवा मेंढरं भरली हुती अप्पा," महिपती म्हणाला. "चढावर हुबीच ऱ्हायली. उनात दोन मेंढरं निपचित पडली. मी इकून टाकनार हुतो, आई म्हनली येकदा अप्पांना दावू."

ईश्वरप्पांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डावा कान पुढं केला. बराच वेळ नुसतं धुकं. मग हळूहळू धुक्यातून ती घरं वर आली. चुली सारवलेल्या, लाकडं रचलेली, माणसं दारात वाट बघत बसलेली, आणि शिजवायला काही नाही.

"उपाशी आहे," ते म्हणाले.

"मागंबी हेच म्हनला हुता की."

महिपती टोचून बोलला नव्हता, पण टोचलं. ईश्वरप्पा म्हणाले, जरा चक्कर मारून आणू, मी शेजारी बसतो. महिपती गाडीत चढणार एवढ्यात चिमाबाई उठली. कनवटीची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा. पिवळी बोटं तिनं बॉनेटला लावली, स्टेअरिंगला लावली, पोराच्या कपाळाला लावली. मग मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा गाडीच्या अंगावरून हात फिरवत ती मागं गेली. महिपतीनं न बघताच टाकीची किल्ली पुढं केली. तिनं टाकीचं झाकण उघडलं, चिमूटभर भंडारा आत सोडला, ओठ हलवले आणि झाकण लावलं.

ईश्वरप्पांना वाटलं, उन्हानं आपल्याला भलतंच दिसायला लागलंय. रोज घालतात का, असं त्यांनी महिपतीला हळूच विचारलं.

"व्हय की, निगताना. ऐतवारी जरा जास्त." अंघोळ करतोस का, असं कुणी विचारावं, तशा तोंडानं तो म्हणाला. गाडी घेतल्याला वर्ष झालं होतं.

ईश्वरप्पा आत गेले. मागच्या खेपेला काढलेला फिल्टर भंगाराच्या पिंपात पडला होता. बंद डबा, तो कुणी उघडून बघत नाही, काढला की टाकून देतात. त्यांनी तो शिकंज्यात धरून करवतीनं कापला. कागदाच्या घडीघडीत पिवळा चिखल. नाकाशी नेला, तर डिझेलच्या मागून हळदीचा वास आला, लग्नघरातून यावा तसा.

तर कान खरा होता. तिन्ही वेळा खरा. एरवी ते आनंदानं खालीच बसले असते. पण बाहेर बाकावर ती बाई बसली होती. तिला कुठल्या तोंडानं सांगायचं, की पोराची गाडी तुमच्याच हातानं अडते? बसमध्ये स्वतःची जागासुद्धा मागायला लाजणारा हा माणूस. कापलेला डबा हातात धरून ते पाठमोरे कितीतरी वेळ उभे राहिले.

शेवटी ते जाऊन तिच्याशेजारी बसले. मधे एका माणसाची जागा सोडून.

"आक्का, टाकीत का घालता?"

"कपाळाला लावला तर जिबंवर नको व्हय?" चिमाबाई म्हणाली. "मानसाला घालतो की चिमूटभर. तिचं त्वांड तितंच हाय. पिती तितनंच."

ईश्वरप्पांना यात कुठंच खोट सापडेना.

"आजच जन्मलेलं कोकरू असलं तर? त्याच्या तोंडात घालता?"

"न्हाय. त्याला दुदाबिगर काय सोसत न्हाय. त्याला वरनंच लावायचा."

"हिचंही तसंच आहे, आक्का. डिझेलशिवाय काही सोसत नाही. कण गेला तरी गळ्यात अडकतो."

"मग मोटी कवा हुनार ही?"

"होत नाही. जन्मभर पितं कोकरूच."

चिमाबाई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, बरं झालं, माझ्या पोराची बी तीच तऱ्हा हाय. महिपतीही हसला. आणि मग तिचं हसणं मधेच थांबलं. ईश्वरप्पांच्या हातातल्या डब्याकडे तिनं हिरव्या काचांतून पाहिलं, बोट घालून तो चिखल चाचपला.

"म्हंजी म्याच अडवली व्हय तिला?"

याच घडीला ते भीत होते.

"तुम्ही माया केली," ते म्हणाले. "असा डबा पहिल्याच दिवशी कापायला हवा होता. मी ऐकलं बरोबर, पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. चूक असेल तर ती तिथं आहे."

एवढं लांबलचक ते परक्या बाईशी आयुष्यात बोलले नव्हते. तिनं पिशवीचं तोंड बांधलं आणि पिशवी पुन्हा कनवटीला खोचली.

टाकी उतरवून धुवायला दोन तास लागले. तळाशी खरवड धरावी तसा भंडारा बसला होता. पायदळी नको, एवढंच चिमाबाई म्हणाली, म्हणून त्यांनी तो गाळ जमिनीवर न ओतता एका डब्यात काढून फळीवर ठेवला. नवा फिल्टर चढला, गाडी सुरू झाली. निघताना तिनं बॉनेटला तेवढी बोटं लावली, टाकीपाशी जाऊन झाकणावरून हात फिरवला आणि गाडीत बसली.

आठवा दिवस उगवला आणि मावळला. ईश्वरप्पा दिवसभर रस्त्याकडे बघत होते, कामात लक्ष नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी ते बाकावर बसले, डोळे मिटले. शेजारचे माग पुऱ्या जोरात चालू होते, रस्त्यानं ट्रकमागून ट्रक जात होते. त्या सगळ्या गदारोळातून एक आवाज वेगळा होऊन गॅरेजआधीचा चढ चढत आला. भरलेली गाडी. तिच्या मागून मेंढरांचं बें बें. चढाच्या मध्यावर आवाज अडला नाही, माथ्यावर आला, गिअर बदलला, आणि जेवून उठलेल्या माणसासारखा रमतगमत गॅरेजवरून पुढं गेला.

उठून बघावं, नंबर वाचून खात्री करून घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं, जन्माची खोड. पण ते उठले नाहीत. तो आवाज बारीक होत होत मागांच्या खडखडीत विरून जाईपर्यंत, डोळे मिटून, ते ऐकत राहिले.