तीन मीटरचा बाक

पत्रा वाकवायचं दोन मीटरचं मशीन एकटा माणूस चालवतो, तीन मीटरच्याला दोन माणसं लागतात. आमच्या घरातला सगळा घोळ एवढाच होता, पण तो बाबांना माहीत नव्हता. मला होता, आईला होता, आणि ऑस्ट्रियात लिंत्सच्या एका बाईला होता, जिने माझ्या करारावर शिक्का मारला होता. एक तारखेपासून मी तिथे पत्रे वाकवणार होतो. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. सहा आठवडे ते रोज नव्याने राहत होतं. आई माझे शर्ट इस्त्री करून कपाटात चादरींच्या मागे लपवायची आणि म्हणायची, "तोंड तुझं आहे ओगी, तूच उघड."

बाबा म्हणजे राडोयको, आमच्या आरिल्ये गावचे पत्रेवाले. पन्हळी, धुराड्यांच्या टोप्या, छपरांच्या कडा. चाळीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने वाकवला. वाकवायचं मशीन घेऊ या म्हटलं की म्हणायचे, "रूळ बिघडला की बघू." रूळ बिघडत नाही. त्याच्यावरून गाड्या जायच्या, बाबांच्या हातोडीचं त्याला काय.

पण वसंतात चर्चचं काम आलं. त्या चर्चची पन्हळ माझ्या आजोबांनी केलेली. साठ हिवाळे टिकली आणि आता चाळणी झाली होती. भिंतीला दर तीन मीटरवर एक दगडी टेकू आहे आणि पन्हळीचा सांधा टेकूवरच यायला हवा. अधांतरी आला तर पहिल्याच हिवाळ्यात बर्फ तो उघडून आत बघतं. म्हणजे एकेक तुकडा सलग तीन मीटर. रुळावर तेवढं सरळ वाकवायला आजोबांचे हात लागतात, आणि ते आजोबा जाताना घेऊन गेले. बाबांनी पाद्रीबुवांना शब्द दिला, हातोडी खिळ्याला टांगली आणि म्हणाले, "चल, मशीन बघून येऊ. तीन मीटरचं."

मी महिन्याभरात जाणार, आणि मागे हा माणूस एकटा, समोर दोन माणसांचं मशीन. म्हणून व्हॅनमध्ये बसल्यापासून मी दोन मीटरची वकिली सुरू केली.

"तीन मीटरचं दारातून आत जाणार नाही."

"भिंत पाडू."

"वजन बघा. जमीन खचेल."

"खचू दे. मला ते तसंही उंच पडेल."

"दोन मीटरच्याला पायपट्टी असते, बाबा. पायाने पत्रा दाबायचा, हाताने उचलायचा. एकट्याचं काम."

"आपण दोघं आहोत ना."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर रास्पबेरीचे मळे होते, त्यांच्या ओळीही जोडीजोडीने.

चाचाक शहराच्या अलीकडे एका खेड्यात स्वेटोझार राहायचा. बंद पडलेल्या कारखान्यांतून मशीनं उचलायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. सगळे त्याला स्वेटाच म्हणतात. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली दोन मशीनं उभी होती, एक दोन मीटरचं, एक तीनचं. शेजारी कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि त्याचं छप्पर मी आजवर पाहिलेल्या सगळ्या छपरांपेक्षा मजबूत होतं. वाकवलेल्या पत्र्याच्या शंभरेक पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या, प्रत्येकीवर खिळ्याने कोरलेलं नाव.

स्वेटाने आधी कॉफी दिली, मग राकियाचे, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचे, पेले भरले, मग नियम सांगितला. "माझ्याकडे पत्रा वाकवल्याशिवाय मशीन विकत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्ण लांबीचा एक बाक. पट्टी इथेच राहते, कोंबड्यांना."

"हे कशासाठी?" बाबांनी विचारलं.

"मशीन चांगलं आहे हे मला माहीत आहे. माणसं कशी आहेत ते बघायचं असतं." त्याने खुराड्याकडे बोट केलं. "ती बघ, दोन भावांची. मधे पोट आलंय. ओढताना दोघं एकमेकांवर नजर ठेवून होते. वर्षात वेगळे झाले, मशीन मलाच परत विकलं. आणि ती टोकाची, एका बाईची. एकटीने केली, दोन मीटरवर. अशी सरळ की कोंबड्या तिच्याच खाली अंडी घालतात."

"बाकीच्यांच्या खाली?"

"बाकीच्यांच्या खाली नुसत्या बसतात."

बाबांना माणूस आवडला. त्यांनी व्हॅनमधून घरून आणलेल्या जस्ती पत्र्याच्या तीन मीटर लांब पट्ट्या काढल्या. दुसऱ्याच्या पत्र्यावर त्यांचा विश्वास नाही. विकणारा चाचणीला मऊ पत्रा देतो असं ते म्हणतात. एक पट्टी मोठ्या मशीनच्या जबड्यात सरकवली, दाबून बसवली. बाबांनी डावीकडचा दांडा धरला, मी उजवीकडचा.

"एय…" बाबा म्हणाले.

"एय-रुक" ही आमच्याकडची जोर लावायची आरोळी; "रुक" आला की ओढायचं, हे मला नवव्या वर्षापासून माहीत आहे. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एक वाक्य तयार होत होतं. 'बाबा, मशीन घेण्याआधी मला तुम्हाला एक सांगायचंय.' चांगलं वाक्य होतं, सहा आठवड्यांतलं सगळ्यात चांगलं. क्रियापदापर्यंत पोचलो तेव्हा "रुक" झालं, मी ओढलं, आणि वाक्य विसरू नये म्हणून दांडा जरा लवकर सोडला.

स्वेटाने पट्टी काढून कोनमापक लावला. बाबांच्या टोकाला नव्वद. माझ्या टोकाला सत्त्याऐंशी.

"मशीन वाकडं आहे," मी लगेच म्हणालो. वकिलाला आयता साक्षीदार मिळाला होता. "बघा बाबा, उजवीकडे कमी वाकतंय. दोन मीटरचंच घेऊ."

स्वेटाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "जागा बदला," तो म्हणाला.

आम्ही जागा बदलल्या. दुसरी पट्टी लावली. या वेळी मी दात-ओठ खाऊन ओढणार होतो. पण दात-ओठ खाताना एवढंच मनात आलं, की जास्त ओढलं तर बाबा हे मशीन घेतील. एय. रुक. स्वेटाने कोनमापक लावला. सत्त्याऐंशी मशीनच्या उजव्या टोकाकडून डाव्या टोकाला आले होते. माझ्याबरोबर चालत.

स्वेटाने टोपी मागे सारली. "जर्मनी की ऑस्ट्रिया?"

एक कोंबडी तेवढी बोलली.

"मला वाटतं ऑस्ट्रिया," स्वेटा म्हणाला. "जर्मनीला जाणारे त्र्याऐंशीलाच सोडतात."

"कसला ऑस्ट्रिया?" बाबांनी त्यालाच विचारलं, जणू तो मशीनबद्दल काही सांगत होता.

मग मी सांगितलं. चांगलं वाक्य केव्हाच विसरलो होतो. लिंत्स, करार, एक तारीख, असं सुटंसुटं सांगितलं. आईला माहीत आहे हे सांगायला नको होतं, तेही सांगितलं. बाबा ऐकत होते आणि अंगठ्याने पट्टीची कड चाचपत होते, जिथे नव्वद संपून माझं सुरू होत होतं.

"सहा आठवडे?"

"सहा."

"आणि सकाळपासून दार, जमीन, पायपट्टी?"

"तुम्ही एकट्याने दोन माणसांचं मशीन…"

"थांब," बाबा म्हणाले.

त्यांनी तिसरी पट्टी लावली. डावा दांडा धरून थोडा उचलला, सोडला, मशीनला वळसा घालून उजवीकडे पळत गेले, तो थोडा उचलला, परत डावीकडे. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, रविवारचा शर्ट. जर्दाळूच्या फांदीखाली प्रत्येक फेरीला वाकायचे आणि प्रत्येक फेरीला विसरायचे. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"हात लावू नकोस!"

स्वेटाने मला बाहीला धरून मागे ओढलं आणि माझ्या हातात राकियाचा पेला दिला. मी तो प्यायलो नाही, सांडलाही नाही, नुसता धरून उभा राहिलो. बाबांच्या अकरा फेऱ्या झाल्या. मी मोजत होतो, कारण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पट्टी निघाली ती विमानाच्या पंख्यासारखी पिळलेली. बाबांनी ती उन्हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळा लावून बघितली. कपाळावर फांदीचा ओरखडा होता.

"कोंबड्यांना चालेल?" त्यांनी विचारलं.

"कोंबड्यांना चालेल," स्वेटा म्हणाला.

आमच्याकडे पत्र्याची आणखी पट्टी नव्हती. स्वेटाने दिलेली बाबांनी घेतली, मऊ की कडक हे न बघता, आणि ते छोट्या मशीनकडे गेले. पायपट्टीवर पाय ठेवला, दांडा उचलला. एकदाच. स्वेटाने कोनमापक लावायची तसदीही घेतली नाही.

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. "तुझं बरोबर होतं, ओगी."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. याचं काय करायचं ते मला कळेना.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि पाद्रीबुवांना लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बाबांना ओरडून बोलावं लागलं, आणि सगळ्या अंगणाने ऐकलं.

"मशीन मिळालं, पाद्रीबुवा! हो! पण एक मीटर कमी पडलं! एक मीटर! नाही, मोठं नव्हतं. नाही, दुसरीकडेही नाही. सगळीकडे विचारलं."

मोठं मशीन त्यांच्या कोपराला लागून उभं होतं.

"उझित्सेच्या त्या पत्रेवाल्यांना बोलवा. ते तिघं आहेत. आणि त्यांना सांगा, सांधा टेकूवर घ्या! टेकूवर! नाहीतर फाटेल. काय? मुलगा? मुलगा मजेत आहे."

मी थांबतो, असं म्हणता आलं असतं. दोन शब्द आहेत, क्रियापदही सोपं आहे. चर्चचं काम करून मग जातो, असंही म्हणता आलं असतं. लिंत्सच्या त्या बाईने फार तर दुसऱ्या कुणाच्या करारावर शिक्का मारला असता. मी वाट बघितली, पण शब्द आले नाहीत. त्यांच्याऐवजी मला हलकं वाटलं. खरंच हलकं, दात उपटून झाल्यावर वाटतं तसं. आणि ते माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून मी कोंबड्यांकडे तोंड केलं.

स्वेटाने खिळा घेऊन पट्ट्यांवर नावं कोरली. आमच्या दोघांच्या दोन पट्ट्यांवर काय लिहू, असं त्याने विचारलं. "दोघांची लिही," बाबा म्हणाले. "माझं त्या टोकाला. याचं या." तिसरीवर त्यांनी काही लिहू दिलं नाही.

ट्रॅक्टरच्या पुढच्या दांड्यांवर उचलून दोन मीटरचं मशीन व्हॅनमध्ये चढवलं. मावलं. आमच्या दारातूनही ते मावणार होतं, जमीन खचणार नव्हती. माझा एकेक मुद्दा बरोबर निघत होता.

परतीच्या वाटेवर बाबा सावकाश गाडी चालवत होते. मागे मशीन प्रत्येक वळणाला कुरकुरत होतं. आरिल्येची पाटी दिसली तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"तिथलं मशीन केवढं आहे?"

"चार मीटर. मोटरवर चालतं."

"माणसं किती लागतात?"

"एक. बटण दाबायला."

त्यांनी गिअर बदलला. चर्चच्या खालून जाताना वर बघितलं नाही. रोज बघतात.

"शेवटपर्यंत दाबून धर," ते म्हणाले. "मध्येच सोडू नकोस."