जादा वीस व्होल्ट

सोमवारपर्यंत कॉलेजचा जुना ऑसिलोस्कोप चालू झाला नाही, तर तो भंगारात जाणार होता. याच यंत्राच्या हिरव्या रेषेत आश्लेषानं विद्यार्थिनी असताना स्वतःच्या आवाजाची लाट पहिल्यांदा पाहिली होती. आता ती त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. शनिवारी सकाळी ते धूड ऑटोत घालून ती शिवाजीनगरला वादिराजअण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात आली.

"आधी कोणी हात लावला याला?" झाकण काढताच सत्तरी ओलांडलेल्या अण्णांनी विचारलं.

"मीच. सेलेनियमचा रेक्टिफायर गेला होता. तो आता मिळत नाही, म्हणून नवा डायोड लावला. जुन्यापेक्षा कितीतरी सरस. अर्धा तास चालला, मग करपल्याचा वास."

"सरस आहे, तेच तर दुखणं!"

अण्णांनी करपलेला कपॅसिटर बदलला आणि मीटर लावला. सर्किटच्या नकाशात तीनशे तीस व्होल्ट, इथं तीनशे पन्नास.

"जुना स्वतःच वीस व्होल्ट गिळायचा, अक्का. तुमचा डायोड उपाशी राहून सगळं पुढं वाढतो. आतल्या बाकीच्या म्हाताऱ्या पार्टांना पचेल काय?"

आश्लेषाला हसू आलं आणि लाजही वाटली. ओहमचा नियम ती दरवर्षी साठ मुलांना शिकवत होती. "करंट किती?"

"शंभर मिलीअँपिअर."

"मग दोनशे ओहमचा रेझिस्टर हवा."

"सरी, बरोबर! पण दोनशेचा नाही माझ्याकडं. शंभराचे दोन जोडू."

डब्यातला एकेक शंभरचा त्यांनी मोजून पाहिला. वर छापलेल्या आकड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. सातवा आणि अकरावा पसंत पडले. शेजारच्या कपॅसिटरवरचं मेण उष्णतेनं वितळू नये म्हणून ते बोटभर दूर ठेवून त्यांनी डाग दिला. हात जराही थरथरला नाही. आश्लेषा बघतच राहिली.

मीटरवर तीनशे एकतीस आले. हिरवी रेषा उमटली. दोन तास दोघं तिच्यासमोर बसून होती. रेषा हलली नाही.

झाकण लावण्याआधी अण्णांनी कागद तिच्यापुढं सरकवला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रात ते चिठ्ठी ठेवत. "तुम्हीच लिहा. पुढं जो उघडेल, त्याला कळायला हवं."

तिनं इंग्रजीत लिहिलं, 'सेलेनियमच्या जागी डायोड आणि दोनशे ओहम.' मग थोडं थांबून खाली भर घातली, 'नुसता डायोड लावू नका. मी लावला होता.'

अण्णांनी चष्मा वर सरकवून ते वाचलं, पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'मीही. १९७९.'