शेडमधला बाक

"थोबाड फिरवू नगंस, विल्बर्नदादा! साक्ष देणार का न्हाई, तेवढं बोल," तंबाखूच्या पलीकडच्या ओळीतून अल्टन ओरडला.

विल्बर्न वाकलेलाच राहिला. ओली पानं खुडून काखेत दाबत राहिला. हाताला डांबरासारखा काळा चीक बसला होता.

"ऐकू येत न्हाई व्हय? लिनव्हल माझा मावसभाऊ हाय. त्याला इमानात घालून जमेकाला हाकलला. तू निसता बघत व्हतास!"

नुसता बघत राहिलो असतो तर बरं झालं असतं, एवढंच विल्बर्नच्या मनात आलं.

वीसेक हंगाम तो जमैकातून कॅनडातल्या ह्या मळ्यावर येत होता. दर साली मालक नाव घालून बोलावणं धाडी, तेव्हाच यायचं. नाव गाळलं की माणूस घरी बसला. का, म्हणून विचारायची सोय नाही.

लिनव्हलचा पहिलाच हंगाम. त्या दिवशी गारा पडल्या. ओल्या तंबाखूचा चीक अंगात भिनून तो भडाभडा ओकत होता. गोरे मजूर जेवतात त्या शेडमध्ये शिरला आणि बाकावर बसला. मालकानं खिडकीतून बघितलं. दुसऱ्या दिवशी लिनव्हलची बॅग भरली गेली.

गावातल्या वकीलबाईनं त्याची तक्रार मानवी हक्कांच्या न्यायमंडळापुढे घातली, एक पैसा न घेता. मालकानं उत्तर दिलं, "आमच्या शेडमध्ये कुणाला बंदी नाही. ही माणसं आपणहून बाहेर बसतात."

आणि त्याच्या तोंडून बंदी कधी निघालीच नव्हती, हे खरं होतं. विल्बर्नच्या पहिल्या हंगामात मालकाच्या बापानं काठीनं बाक दाखवून सांगितलं होतं, "तिथं तू नको. तुझ्या माणसांनाही सांग." तेव्हापासून नव्या गड्याला चूल कुठली हे दाखवायच्या आधी विल्बर्न बाक दाखवायचा. मालकांची जीभ स्वच्छ राहिली. घाण विल्बर्नच्या तोंडातून वाहत राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी बस सगळ्यांना बाजाराला गावात घेऊन गेली. बाकीचे तांदूळ आणि कोंबडी घ्यायला पांगले. विल्बर्न चर्चच्या मागच्या खोलीत वकीलबाईसमोर जाऊन बसला.

"बाई, आधी सांगा. माझ्यावर बी खटला व्हतो का?"

"तुमच्यावर कशाला?"

"लिनव्हलला दंड धरून बाकावरनं मी उठवला. ओकत व्हता, तरी गारांत वढत नेला."

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. "लिनव्हल म्हणाला, कुणी बाहेर काढलं ते आठवत नाही."

विल्बर्न हाताचा काळा चीक नखानं खरवडू लागला. आठवत न्हाई म्हनं! लेकरागत हाक मारली होती त्यानं, "नगं ना दादा," म्हणून.

"ही जागा तुमची नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" बाईनं विचारलं.

"मालकाच्या बापानं."

"मग तेच सांगा. मालक नाकारतोय ते तुमच्याच साक्षीनं उघडं पडेल."

"आन् पुढल्या साली माझं नाव?"

"गाळलं तर त्याचीही तक्रार करू. पण बोलावतीलच, असं खोटं वचन मी देणार नाही."

विल्बर्ननं सगळं सांगितलं. स्वतःचं आधी.

सोमवारी जेवणाच्या वेळेला पाऊस कोसळत होता. विल्बर्न शेडमध्ये शिरला आणि बाकावर बसला. डबा उघडला, उकडलेली केळी आणि खारा मासा. एक गोरा मजूर उठून गेला, दुसरा जरा सरकला. खिडकीत मालक उभा होता.

बाहेर अल्टन आणि बाकीचे गाडीच्या आडोशाला भिजत डबे धरून उभे.

"या रं आत!"

कुणी हललं नाही. विल्बर्ननं वीस वर्षं शिकवलेलं चांगलं मुरलं होतं.

तो डबा तिथंच ठेवून पावसात गेला आणि अल्टनचा दंड पकडला.

"चल."

"आरं, हळू की दादा! दुखतंय."

"व्हय," विल्बर्न म्हणाला. "त्याला बी दुखलं आसंल." आणि पकड न सोडता त्याला आत घेऊन गेला.