आईकडचं गोत

माझी बायको मिराबाई जाऊन सात महिने झाले. घरात आता मी, धाकटी मुलगी निता आणि रूपी. रूपी आमची कारवान कुत्री. उंच, सडपातळ, लांब तोंडाची. आमचे पणजे बैलांवर मीठ वाहायचे तेव्हापासून ही जात आमच्याबरोबर आहे. आता ती भुईमुगातून रानडुकरं हुसकावते.

पिल्लांचं सगळं मिराबाई बघायची. कुत्री दोन वर्षांची झाल्याशिवाय जोडी लावू द्यायची नाही. पिल्लू विकायची नाही. नेणाऱ्यानं नारळ आणि गूळ आणायचा, मग ते घर तिचं सोयरं. वर्षातून एकदा ती तिथं जाऊन पिल्लू बघून यायची. कुणी उपाशी ठेवलेलं दिसलं तर उचलून परत आणायची, भांडण झालं तरी. आणि जोडी लावताना गोत बघायची. राठोडाची मुलगी राठोडाकडे देत नाहीत, तसंच कुत्र्यांचं. मला तेव्हा हसू यायचं.

नांदेडला दवाखान्यात असताना ती मला म्हणाली होती, "रूपीचं एक लेकरू घरात राहू दे." रूपीच्या पहिल्या वेताची तिन्ही पिल्लं रोगात गेली होती. रूपी सहा वर्षांची. आणखी एकच वेत जमलं असतं. मी हो म्हणालो होतो.

उन्हाळ्यात वारंगा फाट्यावर एका माणसाचं कुत्रं सुटलं आणि शाळेच्या मुलीला चावलं. तो पत्र्याच्या शेडात विलायती कुत्री ठेवायचा, भावंडं आहेत का तेही न बघता एकामागून एक वेतं काढून विकायचा. त्यावरून आमच्या ग्रामसभेत ठराव आला. कुत्रीची पिल्लं घ्यायची असतील तर नर-मादी दोघांच्या आईचं आणि आजीचं नाव फॉर्मवर लिहायचं, डॉक्टरची सही घ्यायची. नाहीतर दिवाळीपर्यंत कुत्रीचं ऑपरेशन.

मागून कुणीतरी म्हणालं, आता कुत्र्याला बी जातीचा दाखला लागणार. लोक हसले. मी उठलो आणि फाट्यावरच्या माणसाचं आमच्या डोक्यावर काहून, असं विचारलं. आम्ही कधी पिल्लू विकलं नाही, आमचं कुत्रं कुणाला चावलं नाही, असंही बोललो. सरपंच सोनाजी शांत माणूस आहे.

"बाबूसिंगदादा, तुमची कुत्री चांगली हाय हे मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "कागदाला कसं ठाऊक व्हावं?"

मी रागातच खाली बसलो.

भादव्यात रूपी माजावर आली. मी शेजारच्या तांड्यावरच्या संतराम पवाराचा वाघ्या ठरवला. तो कुत्रा त्याच्या मामाकडून, नरसीकडच्या चव्हाणांकडून आलेला. चव्हाणाच्या घरचा, पवाराच्या दारचा, आणि आम्ही राठोड. मी मनात गोत मोजलं, ते बसलं. मिराबाई असती तर तिनंही हेच केलं असतं असं वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्या संध्याकाळी मला जेवण गेलं.

तीन आठवड्यांनी निता फॉर्म घेऊन बसली. रूपीची आई चांदी, आजी मोरणी. ते लिहिलं. वाघ्याची आई कोण, ते मला माहीत नव्हतं. म्हणून संतरामच्या आईकडे, भिकाबाईकडे गेलो. ती अंगणात मिरच्या निवडत होती. मी विचारलं तशी तिनं हात थांबवला.

"बाबू, तुला ठाऊक न्हाई? हा तुझ्या चांदीचाच. ती व्याली त्या साली तू ऊसतोडीला गेला व्हतास. मिरानं माझ्या भावाला दिला. भाऊ गेल्यावर मी हिकडं आणला."

तेव्हा मला आठवलं. त्या वर्षी मी परत आलो तेव्हा वेतातली एकटी रूपीच घरी राहिली होती. बाकीची कुठं गेली ते मी विचारलंच नव्हतं.

"रूपी त्याच वेताची हाय," मी म्हणालो.

"मंग तू लावलंस कसं? मिरा आईकडून गोत धरायची. बाप कोण ते कुत्रीलाच ठाऊक, आई डोळ्यांनी दिसती, म्हणायची. किती हसायचो आमी."

मीही ते ऐकलं होतं, शंभर वेळा. आणि तरी माणसांचं मोजतात तसं मालकाच्या दारावरून मोजून बसलो.

रूपीला घेऊन मी जनावरांच्या भागवत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून बघितलं, पिल्लं धरली होती. मी सगळं सांगितलं. डॉक्टर वाईट माणूस नाही. घरात काय झालं ते त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, वाघ्याच्या आईचं दुसरं काहीही नाव टाका, मी सही करतो, कोण बघायला जातंय.

"मिराबाई जायची बघायला," मी म्हणालो.

फाट्यावरच्या शेडातलं एक पिल्लू तिनं मागं घरी आणलं होतं. भावा-बहिणीच्या जोडीचं होतं. त्याचे मागचे पाय चालत नव्हते. चार दिवस ती त्याला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती, मग ते गेलं. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही, ही पिल्लं नकोत एवढंच म्हणालो. या वयात पिल्लं पाडायची तर पिशवीच काढलेली बरी, पण पुन्हा होणार नाहीत, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो.

घरी निता रडली. "बा, आईनं एकच तर मागितलं व्हतं." तिचं बरोबर होतं.

ऑपरेशन झालं. रूपी आठ दिवस कोपऱ्यात पडून होती. मी तिला भाकरी दुधात कुस्करून घालत होतो आणि तिला कळत असेल का, याचा विचार करत होतो. फॉर्म तसाच कोनाड्यात राहिला. मग एक दिवस भिकाबाई आली आणि तिनं चांदीच्या त्या वेतातल्या बाकीच्या पिल्लांची घरं सांगितली. तिला दोनच आठवत होती. नितानं ती फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेतली. या घरांकडे यंदा कुणी गेलेलं नव्हतं.

पोळी बांधून घेतली आणि बसनं डोंगरकडा गावाला गेलो. त्या दोनातलं पहिलं, शालूबाईचं घर विचारत विचारत सापडलं. दारात चांदीसारखीच एक कुत्री उभी होती. बरगड्या मोजता येत होत्या, पण या जातीच्या तशाच असतात. अंगावर तेज होतं, पाण्याचं भांडं भरलेलं होतं. मी तिचे दात बघितले, पंजे बघितले. मिराबाई आणखी काय बघायची ते मला माहीत नव्हतं.

शालूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. मी कुठून आलो ते सांगितल्यावर तिनं माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं.

"मिराबाई न्हाई आली?"

"न्हाई," मी म्हणालो. "यंदा मी आलो."