काढलेल्या दाढेचं माप

औरंगपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर बोडखे खुणांची बारीक सळी हिरडीत घालून आकडे सांगायचे आणि त्यांची मदतनीस तबस्सुम ते कॉम्प्युटरवर भरायची. हिरडी दातापासून किती खोल सुटलीय, याची एका दाताची सहा मापं, मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत ठीक, पाचाच्या पुढं गेलं की दात धोक्यात.

आज खुर्चीत पाचोडच्या मनकर्णाबाई होत्या. थुंकीत रक्त येतंय म्हणून सकाळच्या एसटीनं आलेल्या. डॉक्टरांनी त्यांना आ करायला सांगितलं आणि सळी ट्रेमध्येच ठेवून मोबाइल बघत म्हणाले, "मागच्या वर्षीचंच कॉपी कर. बाहेर लई पेशंट बसलेत."

तबस्सुमनं बटण दाबलं. क्षणात स्क्रीनभर तीन-तीन-तीन उमटले.

"सर, खालची उजवीकडची शेवटची दाढ बघा. तिलापण तीनच आलंय."

"मग चांगलंय की."

"ती दाढ तुम्हीच दिवाळीत काढली. जी तोंडातच नाय, तिची हिरडी निरोगी कशी निघाली?"

डॉक्टरांनी मोबाइल खाली ठेवला, सळी मात्र उचलली नाही. "पेशंटसमोर असं बोलतात का?"

"मग कुणासमोर बोलू? तोंड त्यांचं आहे."

मनकर्णाबाईंनी इतक्या वेळानं तोंड मिटलं, दुखरा जबडा हातानं चोळला.

"डाक्टर, मोजणार असाल तर पुन्हा उघडते," त्या म्हणाल्या. "मगाधरनं उगंच आ वासून बसले व्हते मी."