विझणारी बाटली

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून काळोख केलेला. पडदे मीच शिवले होते. शिंपी आहे मी. मंचावर बटणबुवांनी पाण्याची बाटली खळाखळा हलवली आणि ती निळी उजळली. त्या उजेडात पेपर वाचता येतो, असं मी गावभर सांगत फिरायचो. खरं तर बुवांचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं.

"यात कोट्यवधी जंतू आहेत," बुवा म्हणाले. "प्रत्येकाच्या पोटात बटण. सायन्सवाले त्याला जनुक म्हणतात. माझा रेणू आत शिरतो आणि बटण बंद करतो. हा रेणू कारखान्यात होत नाही, माझ्या मौनात होतो."

"मग बोलतात कशाला एवढं?" मागून कुणीतरी पुटपुटलं. शेजाऱ्यांनी त्याला गप्प केलं.

बुवांनी बाटलीत एक थेंब टाकला. "आता कुणी हात लावायचा नाही. डोळे मिटा." डोळे उघडले तेव्हा बाटली तळापासून विझत आली होती. हॉलभर उसासा पसरला.

पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ बसला होता. पुस्तकं बांधायचा. त्याला क्षय झालेला. दवाखान्याच्या गोळ्या दोन महिने घेऊन खोकला थांबला, नेमकं तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "अरे, डॉक्टरांनी हात टेकलेला माणूस थेंब घेऊन उठला आणि चहात साखर कमी म्हणून भांडला. या डोळ्यांनी पाहिलं." पाहिलं कुठलं! गोष्टीला रंगत यावी म्हणून ठोकून दिलं. जन्मभर माझ्या एकाही थापेला न भुललेला माणूस या एकीला भुलला. गोळ्या बंद, थेंब सुरू. तीन महिने झाले होते.

त्याची मुलगी जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला हे आदल्या दिवशी कळलं. ती मंचावर चढली आणि बुवांना म्हणाली, "थेंब न पडलेलं ताजं पाणी दोन बाटल्यांत अर्धं अर्धं देता? एकीत थेंब नको."

"श्रद्धा नसली की रेणू रुसतो, ताई."

"रुसू दे. जंतू तर तुमचेच आहेत."

लोकांनाही गंमत वाटली. बुवांचा नाइलाज झाला. दोन्ही बाटल्या हलवल्या, दोन्ही उजळल्या. एकीतच थेंब पडला. ठेवून दिल्यावर दोन्ही बरोबरच विझल्या. मग तिने थेंबवाली उचलून हलवली. ती पुन्हा निळी झाली.

"हे समुद्रातले जंतू," ती म्हणाली. "उजेड करायला यांना हवा लागते. हलवलं की पाण्यात हवा मिसळते. ठेवून दिलं की ती संपते आणि हे विझतात. थेंबाचा काही संबंध नाही."

"म्हणजे बटणही खोटं?" कुणीतरी विचारलं.

"ते खरं आहे. असे रेणू आम्ही बनवतो. जनुकाचा निरोप निघाला की त्याला चिकटून बसतात, निरोप पोचत नाही. पण जंतूची भिंत ओलांडून त्यांना आत न्यायचं म्हणजे नाकी नऊ येतात. काचेच्या ताटलीत कधी जमतं, कधी नाही. आमच्याकडे माणसाला देण्यासारखं औषध अजून झालेलं नाही. झालं असतं तर आधी घरी आणलं नसतं का, अण्णा?" शेवटचं ती वडिलांकडे वळून म्हणाली.

भाऊ उठला नाही. "पण माझा खोकला गेला, त्याचं काय?"

"गोळ्यांनी गेला. नाव थेंबांचं झालं."

हातातला रुमाल भावाने मुठीत लपवला. खोकला परत आला होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. जंतू आता जुन्या गोळ्यांना जुमानत नव्हते. नवी औषधं कडक निघाली, त्याला पेलली नाहीत.

शेवटच्या आठवड्यात त्याने विचारलं, "दादा, तू खरंच पाहिलं होतंस का रे?"

"नाही."

"हं. मी तेव्हा विचारलंच नाही." आणि तो हसला. मला ते हसू अजून पेलत नाही.

पुतणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. बुवा गाव सोडून गेले; दुसरीकडे त्यांना दुसरा शिंपी मिळाला असेल.

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार सांगणाऱ्याला विचारा, तू स्वतः पाहिलंस का? आणि थेंब न टाकता काय होतं, तेही बघितलंस का? बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. घालून भागलं असतं, तर शेवट बदलला असता.